बिनगळ्याचे सदरे

१

मुलाच्या सदऱ्याची दोरी करायची एक रीत आहे. खालच्या दुमडीपासून सुरुवात करायची आणि बोटभर रुंदीची पट्टी कापत गोल गोल वर चढायचं, काखेपर्यंत. मध्ये कात्री उचलायची नाही. मग ती लांबच लांब पट्टी दोन्ही हातांनी ताणली, की होजिअरीचं कापड आपणहून आत वळतं आणि दोरी तयार होते. क्रोशाच्या जाड सुईला ती लोकरीपेक्षा बरी. फक्त गळा वापरायचा नाही. गळ्याला दुहेरी पट्टी असते, ती ताणत नाही, वळत नाही. विणली तर गाठीसारखी टोचते. गळा कापायचा आणि टाकून द्यायचा. पेद्रा मान्सा गावातल्या सगळ्या बायका असंच करत, आणि झुल्मिराच्या अंगणात कोंबड्या त्या गळ्यांच्या ढिगावर अंडी घालत.

पेद्रा मान्सात पाऊस फारसा पडत नसे आणि कपडे शिवण्याखेरीज दुसरं काही पिकत नसे. घरोघरी पुढच्या खोलीत मशिनं होती. सकाळची कॉफी झाली की ती सुरू होत आणि दिवसभर गाव मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घुमत राही. गावच्या माणसाला ती घरघर ऐकू येत नसे. दुपारी जेवायला सगळी मशिनं एकदम थांबत, तेव्हा मात्र प्रत्येकाला वाटे, आत्ता कसला तरी आवाज झाला. झालेलं एवढंच असे, की आवाज थांबलेला असे.

शिवून उरलेलं कापड आणि बिघडलेला माल लोक पोत्यांत भरून दारापुढे ठेवत. अमारो म्हातारा आपली तीनचाकी घेऊन ती पोती गोळा करी आणि झुल्मिरासारख्या बायकांना आणून देई. ती त्यातून मुलांच्या खोलीतलं सामान विणायची: गोल गालिचे, खेळण्यांच्या टोपल्या, भोपळ्याच्या आकाराची गुबगुबीत आसनं, पाळण्यावरची झालर. सोमवारच्या बाजारात शहरातल्या बायका ते घेऊन जात. तिच्या स्वतःच्या घरात मात्र यातलं काहीच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. चार वर्षांची नात तालिता तिच्याच टांगत्या झोळीत, तिच्याच कुशीत झोपायची, आणि दोघींनाही त्यात काही उणं वाटत नव्हतं.

उणं वाटलं ते बालसमितीच्या लुसिमाराबाईंना. तालिताची आई, म्हणजे झुल्मिराची मुलगी रायाने, गेल्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेली. बाप त्याआधीच परागंदा. आता त्या बापाच्या आईने, कारुआरू शहरातल्या इरासेमाबाईंनी, नात आपल्याला मिळावी म्हणून अर्ज केला होता. त्यांचं घर दुमजली होतं आणि नळाला रोज पाणी होतं.

"मला तुमच्याविषयी शंका नाही, झुल्मिराबाई," लुसिमाराबाई म्हणाल्या होत्या. "पण न्यायाधीश इथवर येत नाहीत. मी लिहीन तेच ते बघणार. मुलीला स्वतःची खोली हवी, स्वतःचा पलंग हवा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येते मी."

म्हणून झुल्मिराने मागची कोठी रिकामी केली, भिंतींना चुना दिला, शेजारच्या बेनेदिताच्या मुलाचा जुना पलंग मागून आणला. बाकीची खोली ती विणून भरणार होती.

अमारोने त्या दिवशी एकच पोतं उतरवलं. "सगळं एका रंगाचं आहे बघ. गालिच्याला बरं पडेल."

बेनेदिता ओसरीवर बसून बाह्या जोडत होती. ती तालिताची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच पोरीला हातावर धरलं होतं, त्यामुळे झुल्मिराच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावायचा तिला हक्क होता. तिने पोत्यातला वरचा सदरा झटकला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय गं? याला गळाच नाही."

खरंच नव्हता. फिकट निळा, लांब बाह्यांचा, चार-पाच वर्षांच्या मुलाचा सदरा. मनगटाला पट्टी होती, खाली दुमड होती. वर मात्र एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरळ शिलाई. दुसरा तसाच. तिसराही.

"कापणारा डोकं घरी विसरून कामाला आला असेल," बेनेदिता म्हणाली.

"म्हणजे तुझ्या नवऱ्यावर गेलाय."

"माझ्या नवऱ्याने निदान पोरांना डोकी तरी दिली. आत काही नाही, ते सोड."

"अमारोकाका, कुणाच्या दारातून उचललंस हे?"

"दारापुढे होतं."

"अरे पण कुणाच्या?"

"आता सगळी दारं सारखीच दिसतात मला," म्हातारा म्हणाला आणि तीनचाकीला किक मारून गेला.

बेनेदिता मशिनीकडे परतल्यावर झुल्मिराने सदरे ओसरीवर पसरले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते नवे नाहीत. कोपरं झिजून पातळ झाली होती. काखेत पिवळट कड होती. एकाच्या पोटावर दुधाचा जुना डाग होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःची समजूत घातली: बिघडलेला माल कोपऱ्यात पडून राहतो, उंदीर, घाम, तेल, काय काय लागतं. कापड घासलं गेलं असेल. एका सदऱ्याचा उजवा कफ मात्र चावून चावून सैल झाला होता, मुलं विचार करताना चावतात तसा. त्याचं तिला काही सुचलं नाही. तिने तोच सदरा सगळ्यात आधी कापायला घेतला.

२

बिनगळ्याचा सदरा कापायला मोठा सोयीचा निघाला. काखेपाशी थांबावं लागत नव्हतं. कात्री वर चढत, खांद्यांवरून वळत, लहान लहान फेरे घेत थेट नाण्याएवढ्या तुकड्यापर्यंत जाई. टाकून द्यायला काही उरत नव्हतं. इतक्या वर्षांत असं कापड हाती लागलं नव्हतं, आणि हवं तेव्हाच लागलं, याबद्दल तिने मरियामातेचे आभारही मानले.

गालिच्याची सुरुवात मधून होते. बोटाभोवती दोरीचं कडं करायचं, त्यात पहिले खांब घालायचे आणि टोक ओढून कडं घट्ट आवळायचं. मध्ये भोक राहता कामा नये; लहान मुलाचं बोट अडकतं. मग बाहेर बाहेर वाढवत न्यायचं. झुल्मिराचं आवळणं गावात प्रसिद्ध होतं. तिच्या गालिच्याचा मध्य शोधूनही सापडत नाही, असं बाजारातल्या बायका म्हणत.

तालिता तिच्या पायाशी खेळत होती. खेळता खेळता तिने ढिगातला एक सदरा घेतला, खालून आत शिरली, हात बाह्यांत घातले.

"आजी, मी कुठे आहे?"

"अगंबाई," झुल्मिरा विणता विणता म्हणाली, "आत्ता इथे एक पोर होती. कोंबडीने खाल्ली की काय?"

कापडाआडून खिदळणं आलं. निळं तोंड इकडे वळलं, तिकडे वळलं. हात वर झाले आणि गळा शोधायला लागले. खांद्यावर, कानाशी, पुन्हा खांद्यावर. मग खिदळणं थांबलं. हातही थांबले. पोर तशीच उभी राहिली, शांत, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तशी.

"तालिता? ये बाहेर. पुरे."

ती हलली नाही. झुल्मिराने सुई टाकली आणि सदरा वर ओढून काढला. केससुद्धा विस्कटले नव्हते. चेहऱ्यावर ना घाम, ना भीती. लांबून चालून आलेलं माणूस बघतं तसं तिने आजीकडे बघितलं.

"आत खूप मोठं आहे," ती म्हणाली.

३

खोली छान झाली. मध्ये निळा गालिचा, पलंगाशी भोपळा, खिडकीखाली टोपली, पलंगाच्या दांड्यावर झालर. त्या पोत्यातला एकही सदरा शिल्लक राहिला नाही. उरलेले तुकडेही भोपळ्याच्या पोटात भरले. बेनेदिताने दारात उभं राहून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"कारुआरूची ती इरासेमा बघेल तर सोफा विकून टाकेल."

"तिने बघायला नको. लुसिमाराबाईंनी बघितलं म्हणजे झालं."

तालिता पहिल्याच दिवसापासून तिथे झोपायला लागली. झुल्मिराने गृहीत धरलं होतं की पोर रडेल, झोळीत परत येते म्हणेल, आणि तिला समजावावं लागेल. समजावावं लागलं ते झुल्मिरालाच, स्वतःला. रिकामी झोळी तिला गार लागत होती.

पहिल्यांदा तिने तो आवाज दुपारी ऐकला. मशिनं थांबली, गाव गप्प झालं. ती चुलीपाशी मक्याचा कुसकुस वाफवत होती. तालिता अंगणात होती. तिचा आवाज बाहेरून येत होता, कोंबड्यांना रागावत होती. आणि मागच्या खोलीतून कापडाचा आवाज आला. घाईघाईने कपडे घालताना होतो तसा. कापडावर तळवे घासले जात होते. थांबत होते. पुन्हा घासत होते.

झालर वाऱ्याने हलत असेल, म्हणून ती खिडकी लावायला गेली. खिडकी लागलेलीच होती. खोलीत कुणी नव्हतं. गालिच्याच्या मधोमध एक भोक होतं, बोट जाईल एवढं.

इथे झुल्मिरा जरा जास्त वेळ थांबली. कारण एरवी कुणाला काही वाटणार नाही अशी ती गोष्ट होती. क्रोशाचं काम उसवतं, रोज उसवतं. पण ते शेवटाकडून. शेवटचा टाका सुटला की त्याच्या आधीचा सुटतो, मग त्याच्या आधीचा. सुरुवात कधी उसवत नाही. ती आत दबलेली असते, बाकीचं सगळं तिच्यावर उभं असतं. तिने वाकून बघितलं. दोरी तुटली नव्हती. पहिलं कडं नुसतं सैल झालं होतं. खालून कुणी बोट घालून हळूहळू रुंद करावं, तसं.

तालितानेच घातलं असेल बोट. मुलांना भोक दिसलं की बोट घालतात. पण आधी भोक असावं लागतं, हा विचार तिने तिथेच सोडला, कडं आवळलं, गाठ मारली आणि कुसकुस करपायच्या आत चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी तिथे मूठ जाईल एवढं भोक होतं. गाठ जागच्या जागी होती.

४

"हात वर."

रोज सकाळी झुल्मिरा असं म्हणे, तालिता हात वर करी, आणि वरून सदरा उतरे. क्षणभर पोर कापडात नाहीशी होई. मग गळ्यातून केस बाहेर येत, कपाळ येई, आणि शेवटी हसरं तोंड. "आली माझी बाई," असं आजीने म्हणायचं, हे ठरलेलं.

आता त्या क्षणाला वेळ लागायला लागला. सदरे साधेच होते, जुनेच, चांगले मोठ्या गळ्याचे. तरी डोकं वर येताना वाटेत कुठेतरी थांबे. आधी झुल्मिराला वाटलं, पोर मुद्दाम करते आहे. एकदा तेवढ्यात झुल्मिराची "नमो मरिया"ची प्रार्थना अर्धी म्हणून झाली. एकदा चुलीवरची कॉफी उतू गेली, तिचा चर्र आवाज झाला, वास आला, तरी कापडात डोकं हलेना. झुल्मिराने गळा दोन्ही हातांनी फाकवून आत बघितलं. आत तालिताचा भांग असायला हवा होता. आत काही दिसलं नाही, नुसतं निळसर, फार लांबवर. मग एकदम केस वर आले, तोंड आलं. ते हसत नव्हतं.

"काय करतेस गं आत?"

"वाट दाखवते."

"कुणाला?"

तालिताने उत्तर द्यायला वेळ घेतला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आजीला कसं समजावावं, याचा ती विचार करत असावी. "त्याला गळा सापडत नाही," ती म्हणाली. "मला सापडतो म्हणून तो माझ्या मागे येतो. मी हळू जाते, म्हणजे तो चुकणार नाही."

झुल्मिरा त्याच पावली बेनेदिताकडे गेली. बेनेदिताने मशीन थांबवलं नाही, नुसती मान वळवली. पण ऐकता ऐकता पायाखालचं पायडल आपोआप थांबलं.

"आई गेली की पोरं असं बोलतात," ती म्हणाली. "बाप शहरात गेला तेव्हा माझा धाकटा म्हणायचा, बाबा कपाटात आहेत."

"कपाट उघडून दाखवलंस ना त्याला?"

"दाखवलं."

"मी काय उघडून दाखवू?"

बेनेदिता म्हणाली, "टाकून दे ते सगळं. मी आणते उचलून."

"आणि शुक्रवारी बाईंना काय दाखवू? चार भिंती?" झुल्मिराचा आवाज चढला, मग खाली आला. "बेने, पोर गेली तर मी सकाळी कुणासाठी उठू?"

५

तरी बुधवारी दोघींनी मिळून गालिचा, भोपळा, टोपली, झालर, सगळं बेनेदिताच्या मागच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. भोपळा उचलताना बेनेदिता थबकली. त्याच्या वरच्या बाजूला खोलगट खळगा होता आणि तो गरम होता.

"मांजर बसलं असेल," झुल्मिरा म्हणाली.

"तुझ्याकडे मांजर कुठाय?"

"तुझंच आलं असेल."

बेनेदिताने भोपळा अंगापासून लांब धरून उचलला.

गुरुवारी सकाळी झुल्मिराने तालिताला पुढून बटणं असलेला फ्रॉक घातला, चर्चला जायचा. डोक्यावरून काही घालायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. तिला बरं वाटलं. दुपारपर्यंत बरं वाटत राहिलं. मग मशिनं थांबली, आणि तिच्या ध्यानात आलं की अंगणातून पोरीचा आवाज येत नाही.

तालिता मागच्या रिकाम्या खोलीत होती. तोंड कोपऱ्याकडे. फ्रॉक नीट घडी करून जमिनीवर ठेवला होता. तिने आपला पिवळा सदरा, घरातला, ओळखीचा, डोक्यात घातला होता आणि हात वर करून उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

झुल्मिराने ओढलं. सदरा निघेना. गळा मोठा होता, डोकं लहान होतं, तरी निघेना, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा भार लागला. शेवटी आलं. तालिताने श्वास घेतला, खूप वेळ विसरलेला श्वास असावा तसा, आणि म्हणाली, "थोडंच राहिलं होतं, आजी."

म्हणजे सामान नेऊन काही झालं नव्हतं. संध्याकाळी बेनेदिताने ते एकटीनेच परत आणून मांडलं. "इथे काय नि तिथे काय, सारखंच," ती म्हणाली. "निदान उद्या खोली तरी दिसू दे. खोली बघून बाई हो म्हणतील. पोर तुझी झाली की मग पाहिजे तर हे गाव सोड. कुठेही जा."

झुल्मिराने मान डोलावली. उद्याचा दिवस पार पडावा, एवढंच तिला दिसत होतं.

६

लुसिमाराबाई सकाळीच आल्या, समितीच्या गाडीतून. ड्रायव्हर बाहेर झाडाखाली थांबला. बाईंनी खोली बघितली आणि दारातच उभ्या राहिल्या. मग चपला काढून गालिच्यावर गेल्या, भोपळ्यावर बसल्या, झालरीला हात लावला.

"तुम्ही विणलंत? हे सगळं?"

"टाकाऊ कापडाचं आहे, बाई."

"असेना." त्या तरुण होत्या, आणि एका क्षणासाठी त्यांचं तोंड अगदी लहान मुलीसारखं झालं. "मला कुणी असं काही केलं असतं ना..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "चला, कॉफी द्या. आणि मुलीला बोलवा, तिच्याशी जरा बोलते."

झुल्मिराने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, मक्याचा केक कापून दिला. मग तालिताला आणायला मागे गेली. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

पोर गालिच्याच्या मधोमध उभी होती. दाराकडे पाठ, हात वर, डोकं कपड्यात.

"आता नको गं," झुल्मिरा हळू आवाजात म्हणाली. "बाई आल्यात. आजच्या दिवस तरी नको." तिने समोर जाऊन सदऱ्याची दुमड धरली आणि खाली ओढली, डोकं बाहेर यावं म्हणून.

कापड ताणलं गेलं. ते निळं होतं. कापडाखाली कपाळ उमटलं, नाक उमटलं. तोंडाच्या जागी कापड आत ओढलं गेलं, ओलं झालं, पुन्हा बाहेर आलं. वर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, सरळ शिलाई होती. उजवा कफ चावलेला होता. त्या कफातून एक लहान हात आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. जोरात नाही. गर्दीत मूल धरतं तसं.

तेव्हा खिडकीबाहेरून, अंगणातून, तालिताचा आवाज आला. "बेनेमावशी, ही कोंबडी बघ, अंड्यावर बसतच नाही."

झुल्मिराने ती बोटं एकेक करून सोडवली. ती उबदार होती, नखं वाढलेली होती, आणि सुटताना त्यांनी मुळीच विरोध केला नाही. बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. आत तळवे पुन्हा कापडावर घासायला लागले, कानाशी, खांद्यावर, पुन्हा कानाशी.

स्वयंपाकघरात लुसिमाराबाईंचा केक संपत आला होता. "झुल्मिराबाई, मी आत्ताच सांगून टाकते. मुलगी इथेच राहील. मी तसंच लिहिणार आहे. असं घर असताना तिला हलवायचं म्हणजे पाप आहे."

हेच ऐकायला ती महिनाभर जागत विणत होती. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"तिला घेऊन जा," ती म्हणाली. "आजच."

"काय?"

"कारुआरूला. इरासेमाबाईंकडे. इथून लांब, कुठेही."

"अहो, काय झालं? काही त्रास आहे का? मला सांगा."

काय सांगणार? खरं सांगितलं तर बाई आधी तिला डॉक्टरकडे नेतील. चौकशा होतील, आठवडे जातील, आणि पोर तोवर याच घरात राहील. गप्प राहिलं तरी निकालाचा कागद येईपर्यंत तिला घेऊन गाव सोडता येणार नव्हतं. आज नेण्यासारखं एकच कारण होतं. ते तोंडात आलं तेव्हा तिला ते दुसऱ्याच कुणाचं बोलणं वाटलं.

"मला नकोय पोर. माझ्याच्याने होत नाही. मेलेल्या मुलीचं ओझं मी का वाहायचं? खोली केली ती लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून."

लुसिमाराबाई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. झुल्मिरा वळली. दारात तालिता होती, हातात अंडं घेऊन. मागे बेनेदिता.

"वेडी झालीस का गं?" बेनेदिता म्हणाली.

तालिताने अंडं टेबलावर ठेवलं, घरंगळू नये म्हणून त्याला फडक्याचा टेकू दिला, आणि बाहेर जाऊन ओसरीच्या पायरीवर बसली.

७

पिशवी भरायला झुल्मिराने वेळ लावला. तालिताचे सगळे सदरे तिने एकेक करून मांडीवर घेतले आणि पुढून, गळ्यापासून खालपर्यंत, सरळ कापले. कडांना टाके घालायला सवड नव्हती. बटणांची डबी तिने पिशवीत टाकली. एक सदरा आईच्या हातचा होता, रायानेने शिवलेला; तोही कापला. मग पोरीला चर्चचा फ्रॉक घातला. गेल्या वर्षीचा होता, छातीवर बटणं ताणली जात होती.

"तिकडे बटणांचेच कपडे घालायचे," ती म्हणाली. "कुणी डोक्यावरून काही घालायला लागलं तर नाही म्हणायचं. ओरडायचं. कळलं?"

"बटणांचे नकोत मला," तालिता म्हणाली. ती आजीकडे बघत नव्हती.

गाडीपाशी लुसिमाराबाईंनी पिशवी घेतली, आत हात घातला आणि थांबल्या. एक सदरा बाहेर काढला. दुसरा काढला. तिसरा.

"हे कुणी केलं?"

"मी. पुढून घालता येतील. बटणं दिलीत आत. इरासेमाबाईंना सांगा, एवढं करा म्हणावं. एवढंच करा."

लुसिमाराबाईंच्या चेहऱ्यावर मघाशी जे काही होतं ते आता राहिलं नव्हतं. त्यांनी कापलेले सदरे पिशवीत घातले आणि पिशवी झुल्मिराच्या पायाशी ठेवली. त्यांचा आवाज मात्र मऊच राहिला. मुलांसमोर तसाच ठेवायची त्यांना सवय होती.

"हे इथेच राहू द्या. तिकडे नवे घेतील. आणि हा फ्रॉक, अहो, पोरीला श्वास तरी घेता येतोय का यात? गाडीत आमच्याकडे मुलांसाठी सदरे असतात, समितीचे. रस्त्यात उकडेल तिला."

"नको," झुल्मिरा म्हणाली. "बाई, पाया पडते. फ्रॉकच असू दे. फ्रॉक काढू नका."

"बरं, बरं," लुसिमाराबाई म्हणाल्या, ज्याचं ऐकायचं नसतं त्याला म्हणतात तसं, आणि तालिताला घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

बेनेदिताने झुल्मिराचा दंड धरला. धरला की आधार दिला, दोघींनाही कळलं नाही. गाडी निघाली. रस्ता सरळ होता आणि दोन्ही बाजूंना पोती ठेवलेली होती, त्यामुळे ड्रायव्हर हळू चालवत होता आणि मागच्या काचेतून सगळं दिसत होतं. लुसिमाराबाई मागच्या डिकीकडे वाकल्या. काहीतरी पांढरं उचललं, झटकलं. मग तालिताकडे वळल्या आणि त्यांचे ओठ हलले. दोनच शब्द.

सीटच्या पाठीवरून दोन लहान हात वर आले, शहाण्यासारखे, सरळ. वरून पांढरं कापड उतरलं.

झुल्मिरा धावत सुटली. बेनेदिताचा हात कधी सुटला ते तिला कळलं नाही, चपला कुठे राहिल्या ते कळलं नाही. मशिनांच्या घरघरीत तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. दारादारांतून बायकांनी माना वर करून बघितलं आणि पुन्हा शिलाईवर घातल्या. गाडी गावच्या पाण्याच्या टाकीपाशी पोहोचली, जरा थांबली, मोठ्या रस्त्याला वळली.

वळेपर्यंत ते हात वरच होते.